चिकूला जागा किती?

मुलांचे हट्ट काळाप्रमाणे बदलत जातात. आमच्या लहानपणी प्रभादेवीच्या चाळींतून दर दोन-तीन खोल्यांआड गॅलरीत एक पोपट टांगलेला असे आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाका मारी. देशी पोपट आणि मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. त्यामुळे गॅलरीतले पोपट गेले. मग माशांच्या काचपेट्या आल्या, मग लव्हबर्ड्स आले. आणि आता आमच्या मजल्यावरच्या मुलांच्या तोंडी नवे नाव आहे, हॅमस्टर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हॅमस्टर हा उंदराच्या कुळातला, पण जवळजवळ शेपूट नसलेला, गुबगुबीत, बदामी रंगाचा प्राणी. तळहातावर मावतो. दाणे दिले की खात नाही, दोन्ही गालांत भरतो आणि तोंड दुप्पट फुगवून कोपऱ्यात नेऊन लपवतो. दिवसभर झोपतो आणि आपण दिवे मालवले की उठतो. जगतो दोन वर्षे, फार तर तीन.

धाकटी सातवीत गेली तेव्हा तिच्या मामाने असा एक हॅमस्टर पिंजऱ्यासकट आणून दिला. मामाने भाचीचे कौतुक करायचे नाही तर कुणी करायचे? पिंजरा दिसायलाही झकास होता. दोन मजली, निळ्या-गुलाबी सळ्यांचा, वर जायला प्लास्टिकची घसरगुंडी आणि बशीएवढे एक चाक. किंमत चौदाशे रुपये. मुलीने प्राण्याचे नाव ठेवले चिकू.

पहिली प्रतिक्रिया आमच्या आईची. "बाबा रे, लोक घरातला उंदीर बाहेर काढतात, तुम्ही बाहेरचा आत आणलात!" तिचे बोलणे अगदीच गैर नव्हते. खालच्या मजल्यावरचे आमचे शेजारी महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीला आहेत. काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्या पालथ्या घालायच्या आणि एका रात्रीत तीस उंदीर मारायचे, हे त्या कामाचे गणित. ते दारात उभे राहून चिकूकडे बघत म्हणाले, "भाऊ, याला जपा. माझ्या तिसांत धरला जाईल." सगळा मजला हसला.

हसणे दोन रात्रींत संपले. तिसऱ्या रात्री बारानंतर सळ्या चावण्याचा आवाज सुरू झाला. कर्र कर्र, थांबून पुन्हा कर्र कर्र, पहाटे चारपर्यंत. आमची खोली दहा बाय सोळा. त्यात आई, आम्ही उभयता आणि दोन मुले. एकशे साठ चौरस फुटांत पाच माणसे म्हणजे माणशी बत्तीस चौरस फूट. अशा खोलीत एकाची झोप मोडली की पाचांची मोडते. थोरला बारावी कॉमर्सला. तो वैतागून म्हणाला, "पप्पा, मला पुस्तके ठेवायला फळी नाही आणि याला दोन मजली घर!" सौ.चे म्हणणे, प्राणी मामाला परत करावा. धाकटी रडू लागली. आठवडाभर चिकूच्या नाकावरचे केस घासून गेलेले दिसले, तेव्हा मला वाटले की प्रश्न आपल्या झोपेपुरता राहिलेला नाही.

मी हिशेबातला माणूस. टेप घेतली आणि पिंजऱ्याचा तळ मोजला. बारा इंच बाय नऊ इंच, म्हणजे पाऊण चौरस फूट. दोन मजले, घसरगुंडी, रंग, सगळे त्या पाऊण फुटावर उभे. इथेच गिऱ्हाईक फसते. पोपटाला उंची लागते, हॅमस्टरला जमीन लागते. तो उडत नाही, नीट चढतही नाही. त्याची नजर अधू असते, उंचावरून पडला तर पाय मोडतो. त्याला हवे असते पळायला लांब-रुंद मैदान आणि उकरायला खोल भुसभुशीत थर.

मग थोरल्यानेच कुतूहलापोटी माहिती काढली. (प्राण्यावर रागावलेला मुलगा प्राण्याचा वकील कसा होतो, हेही पाहण्यासारखे होते.) जर्मनीतील प्राणी-कल्याणाचे काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने हॅमस्टरसाठी कमीत कमी शंभर सेंटिमीटर लांब आणि पन्नास सेंटिमीटर रुंद जागा सांगितली आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी चार वेगवेगळ्या मापांच्या पिंजऱ्यांत हॅमस्टर ठेवून पाहिले. सर्वांत लहान पिंजरा अठराशे चौरस सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा हजारांचा. सळ्या चावणे सगळीकडे दिसले, पण लहान पिंजऱ्यात ते जास्त वेळा आणि जास्त वेळ. आमच्या चिकूचा पिंजरा भरला सुमारे सातशे चौरस सेंटिमीटर! त्यांच्या सर्वांत लहान पिंजऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्याच दुसऱ्या एका प्रयोगात भुशाचा थर दहा, चाळीस आणि ऐंशी सेंटिमीटर असा ठेवला होता. दहावाले हॅमस्टर सळ्या सर्वांत जास्त चावत होते.

त्याचे कारण या प्राण्याच्या मूळ गावात सापडते. १९३० साली इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पोजवळच्या शेतात कित्येक फूट खणून एक मादी आणि तिची अकरा पिले बाहेर काढली. जेरुसलेममध्ये काळा आजारावर संशोधन करणाऱ्यांना हा प्राणी हवा होता. हा तोच काळा आजार, ज्याने बिहार-बंगालातील गोरगरिबांचे बळी घेतले. आज जगभर घराघरांतून पाळले जाणारे बहुतेक सीरियन हॅमस्टर त्या एका बिळाचे वंशज आहेत. जमिनीत खोल घर करणारा हा जीव. त्याला प्लास्टिकच्या बशीवर मूठभर भुसा टाकून ठेवले तर तो दुसरे काय करणार?

आता प्रश्न पैशाचा. मी एका शनिवारी महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे आपल्या क्रॉफर्ड मार्केटात, मागच्या बाजूला पशुपक्ष्यांची दुकाने आहेत तिकडे फेरी मारली. हव्या त्या मापाचा परदेशी बनावटीचा पिंजरा सात-आठ हजारांच्या घरात. कारकुनाच्या पगारात तो बसत नाही, आणि बसवूही नये असे माझे मत आहे. काचेची मोठी माशांची पेटी जुनी मिळू शकते, पण आपल्या मुंबईच्या दमट हवेत चारी बाजूंनी बंद काच म्हणजे घुसमट आणि वास. मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन झाकणाला आणि बाजूला जाळी बसवली तर काम भागते. मात्र लांबी बघून घ्यावा. उंच डबे पुष्कळ मिळतात, लांब थोडे. डब्याला आतून कड असेल तर तिथे दात लागतात, हेही पाहावे.

आमचे काम भलतीकडेच झाले. आमची इमारत पुनर्विकासात जायची आहे आणि पलीकडच्या इमारतीतील कुटुंबे ट्रान्झिट कॅम्पला निघाली आहेत. जाताना लोक काय काय टाकून जातात! तिथे जिन्याखाली टीव्हीचे एक जुने शोकेस पडले होते. डबा टीव्हीच्या काळातले, म्हणून चांगले दीड फूट खोल. लांबी साडेतीन फूट. वरच्या कप्प्याची उंची बावीस इंच, खाली कॅसेटचा कप्पा. मालकाला विचारले, ते म्हणाले, "घेऊन जा, भंगारवाला पन्नास रुपयेसुद्धा देत नाही." वरच्या कप्प्याचा तळ झाला सव्वापाच चौरस फूट. मामाच्या पिंजऱ्याच्या बरोबर सातपट.

पुढच्या बाजूला खाली दहा इंच जुनी काच कायमची बसवली, म्हणजे उकरलेला भुसा खोलीभर उडत नाही. तिच्यावर जाळीचे दार. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना वीतभर चौकोन कापून तिथेही जाळी, म्हणजे वारा आरपार. जाळी पाव इंच भोकांची, गॅल्व्हनाइज्ड, नागदेवी स्ट्रीटवरून आणली. दोनशे चाळीस रुपये. पाव इंचच का? हॅमस्टरचे डोके शिरले की धड शिरते. ड्वार्फ म्हणून विकली जाणारी बुटकी जात तर अर्ध्या इंचातून सहज निसटते. जाळीच्या कापलेल्या कडा बीडिंगपट्टीखाली दाबून घ्याव्यात, नाहीतर तोंड सोलते. पट्टी आणि स्क्रू साठ रुपये, सुताराची मजुरी तीनशे. चाक साडेचारशे, पाण्याची बाटली एकशे वीस. एकंदर अकराशे सत्तर. मामाच्या पिंजऱ्यापेक्षा दोनशे तीस कमी.

चाकाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पिंजऱ्याबरोबर फुकट मिळणारे चाक बहुधा निरुपयोगी असते. पळताना प्राण्याची पाठ सरळ राहिली पाहिजे. सीरियन जातीला दहा-अकरा इंच व्यासाचे चाक लागते, बुटक्याला आठ इंच पुरते. पळण्याची पट्टी सलग हवी. सळ्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. चाक वाजू लागले तर आसाला खोबरेल तेलाचा एक थेंब लावावा. आमच्याकडे त्याने झोपेचा निम्मा प्रश्न सुटला.

भुशाचा थर आम्ही आठ इंच ठेवला आहे. त्याहून जास्त ठेवता आला तर उत्तम, पण वर चाकाला जागा लागते. सुताराकडचा फुकट भुसा मी घेतला नाही. त्यात प्लायवूडचा गोंद आणि पॉलिश असते. कोऱ्या कागदाचे कपटे, बिनवासाचा टिश्यू आणि वाळके गवत एकत्र दाबून घातले की बोगदे टिकतात. दुकानात घरट्यासाठी म्हणून रंगीत कापूस मिळतो, तो मुळीच आणू नका. त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात आणि गिळले तर आतडे तुंबते. चिकू लघवीला एकच कोपरा वापरतो. तेवढा रोज काढला की वास येत नाही. सगळा थर एकदम बदलला तर तो बिथरतो, कारण त्याचे घर म्हणजे तो वास.

जागा कोणती, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. पोटमाळा मी नाकारला. वर पत्रा तापतो आणि या प्राण्याला उकाडा सोसत नाही. खिडकीतले ऊन नको, गॅसजवळ नको. शेवटी जिथे थोरल्याच्या पुस्तकांची ट्रंक होती तिथे शोकेस उभे केले. ट्रंक गेली, तिची पुस्तके खालच्या कॅसेटच्या कप्प्यात गेली आणि वर अंथरुणांच्या वळकट्या आल्या. थोरल्याला अखेर फळी मिळाली. मे महिन्यासाठी आत लादीचा एक तुकडा ठेवला आहे. दुपारी चिकू त्याच्यावर पोट टेकून पसरतो.

सौ.ला एकच काळजी होती, खाली सांडलेल्या दाण्यांना बाहेरचे उंदीर येतील. ती रास्त आहे. म्हणून दाणा बरणीत, खालची जमीन रोज पुसायची आणि चिकूला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, असा नियम आहे. पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आपण दरवर्षी पाहतो. बाहेरचा उंदीर आणि हा प्राणी यांची गाठ पडता कामा नये.

नव्या घरात चिकूने पहिल्या रात्रीही सळ्या शोधल्या, त्या नव्हत्या, मग जाळी चावली. चार-पाच रात्री हे चालले. नंतर एका सकाळी तो दिसेचना. धाकटी घाबरली. काचेला कान लावला तर आत खरखर. त्याने तळापर्यंत बोगदा केला होता आणि शेवटी दाण्यांचे कोठार. नाकावरचे केस तीन आठवड्यांत भरून आले.

हे पाहून मजल्यावरच्या आणखी दोन मुलांनी हट्ट धरला आहे. त्यांच्या वडिलांना मी आधी टेप दिली. साडेतीन फूट बाय दीड फूट, खोलीचा तिसावा भाग कायमचा देता येतो का, ते बघा. येत नसेल तर प्राणी आणू नका, मूल चार दिवस रडेल आणि विसरेल. एकाने ऐकले. दुसऱ्यांना एका दुकानदाराने "जोडी घ्या, एकटा झुरतो" असे सांगितले होते. सीरियन हॅमस्टर मोठा झाला की एकटाच राहतो. दोघे एकत्र ठेवले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. नर-मादी निघाले तर सोळा दिवसांत पिले होतात. त्यांनी एकच आणला आणि आता शोकेसच्या शोधात आहेत.

मामाचा निळा-गुलाबी पिंजरा मुलीने टाकू दिला नाही. तो डॉक्टरकडे नेण्यापुरता ठेवला आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आपल्याला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हॅमस्टरचे दात आयुष्यभर वाढतात, ते वाकडे वाढले तर खाणे बंद होते, तेव्हा उशीर करू नये.

आमची इमारत रिकामी करायची नोटीस अजून यायची आहे. शोकेस दीड फूट खोल असल्याने कुठल्याही दारातून आत जाईल, असे सुताराने सांगितले आहे.