तीन स्विच आणि एक निळी केबल

लॅबच्या कोपऱ्यातल्या काळ्या कपाटात काय आहे, असे मुले नेहमी विचारतात. आम्ही लॅब सांभाळणारे दोघे "स्विच" एवढे सांगून मोकळे होतो. पण जून २०१९ मधली ती रात्र एकदा लिहून ठेवायलाच हवी.

आमच्याकडे कॅटॅलिस्ट ३७५० जातीचे दोन स्विच होते. प्रत्येकाच्या पाठीमागे स्टॅकच्या केबलसाठी दोन जागा असतात. एकाची दुसरी जागा पुढच्याच्या पहिल्या जागेला जोडत जायचे आणि शेवटच्याची केबल पुन्हा पहिल्याकडे आणायची, की कडे पूर्ण होते. एखादी केबल निसटली तरी काम चालू राहते, वेग तेवढा निम्म्यावर येतो. असे नऊपर्यंत स्विच जोडता येतात आणि सगळ्यांचा पत्ता एक, पासवर्ड एक. कारभार त्यांच्यातला एक मुख्य पाहतो.

एका माजी विद्यार्थ्याने तिसरा, वापरलेला स्विच दिला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. दिवे लागतात का पाहू म्हणून आम्ही तो आधी सुरू केला आणि चालू असतानाच केबलचे स्क्रू आवळले. थोड्या वेळात आमचे दोन्ही स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाले. पाहुणा मुख्य होऊन बसला होता! मुख्य निवडताना १ ते १५ मधला प्राधान्यक्रम पाहतात. आमचे मूळचेच १ वर होते, त्याच्यावर आधीच्या मालकाने १५ ठेवलेला. त्याचीच मांडणी सगळ्यांवर उतरली. ऑफिसचे कॉम्प्युटर गप्प, आमचा पत्ता उत्तर देईना, आणि पासवर्ड परक्याचा.

आता कन्सोलशिवाय गत्यंतर नव्हते. ती चपटी, फिकट निळी केबल शोधण्यातच अर्धा तास गेला. लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसल्याने यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, तर पडद्यावर चित्रविचित्र अक्षरे. वेग ९६०० केल्यावर ओळी वाचता येऊ लागल्या, पण पुढे पासवर्डचाच प्रश्न. मग तिघांची वीज काढली, केबली सोडवल्या, आमचा पहिला स्विच एकटा घेतला. मोड बटण दाबून धरून वीज दिली आणि मांडणीच्या फाइलचे नाव बदलून तो कोरा सुरू केला.

कोणत्या पोर्टवर ऑफिस, कोणत्यावर लॅब, ही यादी आम्ही कधीकाळी रजिस्टरमध्ये हाताने लिहिली होती. (तेव्हा एकमेकांना हसलो होतो.) त्यावरून सगळे पुन्हा टाइप केले, प्राधान्यक्रम १५ दिला, जतन केले. उरलेल्या दोघांच्या केबली ते बंद असतानाच जोडल्या, मग वीज दिली. दोघे मुकाट्याने सामील झाले. पाहुण्याचा क्रम १ वर आणला तेव्हा दोन वाजले होते.

सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी विचारले, "नेट चालू आहे ना?" आम्ही "हो" म्हणालो आणि पोहे खायला गेलो. निळी केबल आता कपाटाच्या दाराला आतून खिळ्यावर टांगलेली असते.