नदीतील छत्री

हिवाळ्यातील पहाटे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या काठी उभे राहिले, म्हणजे धुक्यातून पाणपक्ष्यांचा कलकलाट कानी येतो. उजाडू लागताच दूर उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर तरंगताना दिसतात. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांनी हा सारा मुलूख भरलेला आहे. येथील ढिवरांच्या मुलांना पाण्यात काय काय असते, हे कोणी शिकवावे लागत नाही. मासे, झिंगे, शिंपले, कमळाचे देठ, शिंगाड्याचे वेल, सारे त्यांच्या हातांना ओळखीचे असते. पण 'तुमच्या तळ्यात समुद्रातला प्राणी कधी सापडला का?' असे त्यांना विचारले, तर ती हसतील. आणि त्यांचे हसणे योग्यच ठरेल, कारण समुद्र तेथून शेकडो मैल दूर आहे.

असाच हसण्याजोगा प्रकार १९११ साली सातारा जिल्ह्यात खराच घडून आला. तो ज्यांच्या हातून घडला, ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत असत.

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण धारवाडास पुरे झाले आणि १९०९ साली मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी जीवशास्त्राचा शिक्षक म्हणजे बहुधा इंग्रजी पुस्तकातील इंग्रजी बेडूक आणि इंग्रजी फुले शिकविणारा मनुष्य. आघारकरांना तेवढ्याने समाधान होईना. ते सह्याद्रीच्या डोंगरदऱ्यांतून हिंडत आणि वनस्पती व प्राणी यांचे नमुने गोळा करीत.

सह्याद्रीतील नद्यांची दोन रूपे असतात. पावसाळ्यात त्या खडकांवरून उसळत धावतात. उन्हाळ्यात त्यांची धार आटते आणि खडकांमधील डोहांत तेवढे संथ, नितळ पाणी उरते. कोयना आणि वेण्णा या नद्यांच्या अशाच डोहांत आघारकरांना एक विलक्षण जीव आढळला. काचेसारखे पारदर्शक अंग, आकार एखाद्या नाण्याएवढा, आणि कडेला बारीक तंतूंची झालर! इवलीशी छत्री उघडावी आणि मिटावी, तसा तो जीव पाण्यात वर-खाली होत होता. मालवणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर वाहून आलेले जेलीफिश कोकणातील कोणत्याही मुलाने पाहिलेले असतात. परंतु ते समुद्रात! सह्याद्रीच्या कुशीतील गोड्या पाण्यात हा जीव आला कोठून?

त्या वेळी गोड्या पाण्यातील या जातकुळीचे जेलीफिश केवळ आफ्रिका खंडातून ठाऊक होते. टांगानिका सरोवरातील जेलीफिशची तर शास्त्रज्ञांत मोठी ख्याती होती. आघारकरांचा शोध कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्यापर्यंत पोहोचला. 'नेचर' या विख्यात नियतकालिकातून तो साऱ्या जगाला कळला आणि १९१२ साली ॲनंडेल यांनी त्या जीवाला 'लिम्नोक्निडा इंडिका' असे शास्त्रीय नाव दिले. गंमत अशी, की पुढे आयुष्यभर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाचे नाव प्रथम गाजले, ते एका प्राण्यामुळे!

आफ्रिकेतील सरोवर कोठे आणि कोयनेचा डोह कोठे! मध्ये अथांग समुद्र पसरलेला. मग हे भाईबंद दोन्हीकडे कसे? एक तर्क असा, की अतिप्राचीन काळी भारत, आफ्रिका आणि दक्षिणेकडील इतर भूखंड परस्परांस जोडलेले होते. त्या महाखंडास भूशास्त्रज्ञांनी 'गोंडवन' असे नाव दिले आहे, आणि ते मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून घेतलेले आहे. नवेगावबांधचे तळे ज्या मुलखात आहे, त्याचेच नाव असे साऱ्या जगाच्या ग्रंथांत जाऊन बसले.

दुसरा तर्क निराळा आहे. पाण्यातील सूक्ष्म जीव आणि बीजे पाणपक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलाबरोबर दूरदूर जात असतील. चार्ल्स डार्विनने एकदा एका लहानशा तळ्यातील तीन चमचे चिखल आणून आपल्या खोलीत सहा महिने झाकून ठेवला. एका पेल्यात मावणाऱ्या त्या चिखलातून जसजसे रोपटे उगवे, तसतसे तो ते उपटून मोजी. एकंदर ५३७ रोपे निघाली! तळ्याकाठी उतरणाऱ्या बदकांच्या पायांकडे हे वाचल्यावर कोण वेगळ्या नजरेने पाहणार नाही?

'हे येथे आले कसे?' या प्रश्नाने आघारकरांची पाठ सोडली नाही. कलकत्ता विद्यापीठास सर रासबिहारी घोष यांनी १९१३ साली दहा लाख रुपयांची देणगी देऊन विज्ञानाची अध्यासने निर्माण केली होती. ती भारतीय विद्वानांनाच मिळावीत, असा दात्याचा आग्रह होता. त्यांपैकी वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर आघारकरांची नेमणूक झाली. अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले आणि १९१४ साली महायुद्ध पेटले. इंग्रजांचे प्रजाजन म्हणून ते तेथे शत्रुपक्षाचे ठरले आणि काही काळ त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. घोष-प्राध्यापकांपैकी देवेंद्रमोहन बोस हेही त्या युद्धकाळात जर्मनीतच अडकले होते.

परमुलखातील बंदिवासात दिवस कसे गेले असतील, याची कल्पनाच करावी. आघारकर मात्र रित्या हातांनी परतले नाहीत. बर्लिनमध्ये एंग्लर या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. वायव्य भारतातील रुक्ष आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती कोणत्या साधनांनी पसरतात आणि त्यांचे मूळ कोठले, हा त्याचा विषय. गोखरूचा काटा पायात रुततो, तेव्हा चालणारा चरफडतो. पण त्या निमित्ताने गोखरूचे बी कोसभर प्रवास करून जाते. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते, तीही अशीच बिऱ्हाड शोधत निघालेली असते. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरून हा प्राध्यापक देशोदेशींच्या वनस्पतींची नाती जुळवीत होता.

कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी १९४६ पर्यंत अध्यापन केले. एवढ्या प्रदीर्घ सेवेनंतर मनुष्य विसावा शोधतो. आघारकरांचे वय तेव्हा एकसष्टीचे. कलकत्त्यात त्यांनी विज्ञानाच्या संवर्धनासाठी महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली संस्था पाहिली होती. तशी संस्था महाराष्ट्रात का नसावी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभी राहिली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. आरंभी संस्थेला स्वतःची वास्तू नव्हती. इतर संस्थांनी दिलेल्या जागेत काम चाले. विद्यापीठाच्या सुसज्ज प्रयोगशाळेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला हा संसार पुन्हा पहिल्या चुलीपासून मांडावयाचा होता. तो त्यांनी चौदा वर्षे चालविला. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते संस्थेचे संचालकच होते.

१९९२ साली या संस्थेला 'आघारकर संशोधन संस्था' असे नाव देण्यात आले. तेथील शास्त्रज्ञांनी गहू आणि सोयाबीन यांच्या सुधारलेल्या जाती तयार करून शेतकऱ्यांच्या हाती दिल्या आहेत. संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर पथ. नवखा माणूस आघारकर आणि आगरकर यांत गोंधळतो आणि दोघे एकच समजतो!

कोयनेवर पुढे मोठे धरण झाले आणि दरीचा बराच भाग शिवसागर जलाशयाखाली गेला. उन्हाळ्यात माणसाला वाकून तळ पाहता यावा, असे कित्येक डोह आता त्या खोल पाण्यात बुडून गेले आहेत.