भाचीबरोबर बोरघाट

पुण्याहून घाट उतरून कोणी कोकणात जाऊन आला, की आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो तो "किती वेळ लागला?" हा. लोहगडावर ढग होते का, खंडाळ्याच्या दरीत ऊन कसे पडले होते, हे कोणी विचारीत नाही. बोरघाटाचा सारा इतिहासच जणू वेळ वाचवण्याचा इतिहास आहे. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत इथून गाड्यांचा रस्ता झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली. २००२ साली ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पुरा झाला. प्रत्येक वेळी प्रवासाची काही घटका-मिनिटे कमी झाली आणि वाटेवरची दोन-चार गावे प्रवाशांच्या डोळ्यांआड गेली.

आमचे मेहुणे या हिशेबातले पट्टीचे गृहस्थ. पुण्याहून पनवेल किती मिनिटांत गाठले, हे ते जेवताना वरणभात संपायच्या आत सांगत. घाटात एखाद्या ट्रकला मागे टाकले, की पटावरचा वजीर मारल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरे. मला स्वतःला मोटार चालवता येत नाही. त्यामुळे शेजारी बसून चालवणाऱ्याचे निरीक्षण करायला मला भरपूर सवड असते आणि, खरे सांगायचे तर, जीव मुठीत धरून बसायलाही.

लग्नानंतर अकरा वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. ती आठ महिन्यांची झाल्यावर तिला पालीच्या बल्लाळेश्वराच्या पायावर घालायचे ठरले. मार्गशीर्षातली एक सकाळ. मेहुणे, बहीण, मेहुण्यांच्या मातोश्री माई, भाची आणि मामा या नात्याने मी, अशी पाच माणसे निघाली. निघाली म्हणजे निघायच्या तयारीत दारात उभी राहिली. कारण पहिला अर्धा तास गाडी जागची हललीच नाही.

भांडण होते बाळाच्या खुर्चीवरून. मोटारीच्या मागल्या बाकावर पट्ट्यांनी आवळून एक लहानशी खुर्ची बसवली होती. तिचे तोंड उलट्या दिशेला, म्हणजे बाळाने मागची काच पाहत जायचे. माईंना हे अजिबात मान्य नव्हते.

"आजीच्या मांडीपेक्षा ती प्लॅस्टिकची खुर्ची बरी का? माझी चारही मुलं मी याच घाटातून यष्टीत मांडीवर घेऊन नेली. एकाला तरी काही झालं?"

या युक्तिवादाला उत्तर देणे फार कठीण. झाले नाही, हे खरेच होते. त्या चारांतला एक तर समोर किल्ल्या हातात घेऊन उभा होता. बहीण मात्र शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "माई, पन्नासच्या वेगानं जाणारी गाडी कशावर तरी आपटून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर हिचं आठ किलोचं अंग त्या क्षणी क्विंटलभराच्या जोरानं पुढे जाईल. क्विंटलभराचं पोतं तुमच्या हातात राहील का? माझ्याही राहायचं नाही."

माई गप्प झाल्या. पटले म्हणून नव्हे. नातीची पोत्याशी तुलना त्यांना आवडली नाही. पण नात खुर्चीत गेली, आणि माई तिच्या शेजारी, तिच्या मुठीत आपले बोट देऊन बसल्या. मला वाटते, या देशात लहान मुलांना मोटारीतून नेताना जो धोका असतो, तो बेपर्वाईपेक्षा मायेतून अधिक येतो. ज्याचा जीव मुलावर आहे तोच त्याला उचलून पुढच्या बाकावर मांडीवर घेतो. कवेत घेतले की मूल सुरक्षित, ही माणसाची फार जुनी समजूत आहे. मोटार त्या मानाने कालची.

मेहुण्यांनी द्रुतगती मार्गाऐवजी जुना रस्ता धरला तेव्हा मी चकितच झालो. "जुन्या रस्त्याला कुठेही थांबता येतं," एवढेच ते म्हणाले. थांबण्याची सोय पाहून रस्ता निवडणारे मेहुणे मी प्रथमच पाहत होतो.

पिंपरी-चिंचवड मागे पडून आकुर्डी आली. इथे बजाजचा कारखाना. आमच्या पिढीच्या पुणेकर मुलांचे बालपण या कारखान्याच्या स्कूटरवर उभ्याने गेले. वडिलांच्या पुढे, हँडल धरून, वारा तोंडावर घेत. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर धाकटे भावंड. त्या जागेवरून दिसणारा लकडी पूल मला अजून आठवतो. पुढे त्याच पुलावरून शेकडो वेळा गेलो, पण तसा तो पुन्हा दिसला नाही. आता चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला शिरस्त्राण घालावे, पट्ट्याने चालकाशी बांधावे आणि वेग ताशी ४० च्या वर नेऊ नये, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. मोटारीत चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा खुर्चीविना नेल्यास हजार रुपये दंड, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीतली. नियम चांगले आहेत. पण देहूरोडपर्यंत मी मोजत गेलो: मुले असलेल्या अकरा दुचाकी दिसल्या, आणि त्यांतल्या एकाच मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. बाकीच्या दहा बापांना आपली मुले नकोशी आहेत, असे मुळीच नाही. एकाने तर मुलीच्या कानांना वारा लागू नये म्हणून स्वतःचा मफलर तिला गुंडाळला होता. त्याचे स्वतःचे कान उघडे होते.

"पाहिलंत?" मेहुणे कळवळून म्हणाले. गेली वीस वर्षे ते या रस्त्याने जात आहेत. ही मुले तेव्हाही इथेच होती.

तळेगाव गेले, वडगाव गेले. १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना याच वडगावात शरण आणले; घाट चढून पुण्याकडे येणे इंग्रजांना तेव्हा भलतेच महागात पडले होते. हे मी सांगायला सुरुवात केली होती, पण कामशेतच्या अलीकडे भाचीने सूर लावला आणि इतिहास तिथेच थांबला. मोटारीच्या बंद काचांत मुलाचे रडणे म्हणजे काय, हे अनुभवी वाचकांस सांगायला नको. मेहुण्यांची मान पुन्हा पुन्हा मागे वळू लागली. एकदा वळली ती दोन क्षण तशीच राहिली, आणि समोर उसाची ट्रॉली.

"समोर बघा!" बहीण म्हणाली. "तिच्यासाठी आम्ही दोघी आहोत. रस्त्यासाठी तुम्ही एकटे आहात."

मग कडेला थांबलो. दूध पाजून होईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. मी आणि मेहुणे रस्त्यालगतच्या वडाखाली उभे राहिलो. डावीकडे लोहगड-विसापूरची जोडी स्वच्छ दिसत होती. "हे दोन वेगळे किल्ले आहेत, होय?" मेहुण्यांनी विचारले. वेगाने जाणाऱ्याला ते दोन्ही एकच दिसत असावेत.

त्या वडाखालीच मला दुसरी गोष्ट कळली. मेहुणे उभ्याउभ्या डुलकी घेत होते. आठ महिने या गृहस्थांना सलग चार तास झोप नाही. नवा बाप जपून चालवतो, सावकाश चालवतो, हे सगळे मान्य. पण तो अर्धवट झोपेत चालवतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. बहिणीने घेतले होते. भाची पुन्हा खुर्चीत अडकवून झाल्यावर तिने नवऱ्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या. "लोणावळ्यापर्यंत मी. तुम्ही मागं डोळे मिटा."

आता बहिणीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिला मोटार चालवता येत होती ती परवान्यापुरती. डाव्या कडेने, घाम पुशीत, कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. रात्री तर नाहीच. पण भाची तीन महिन्यांची असताना एका रात्री तापाने फणफणली, मेहुणे परगावी होते आणि रिक्षा मिळेना. तेव्हा हिने माईंना बाळापाशी मागे बसवले आणि दोन वाजता मोटार काढून सात किलोमीटरवरचे इस्पितळ गाठले. त्या दिवसापासून तिची भीती गेली ती गेलीच. म्हणजे मुलीने बापाचा पाय वेगावरून उचलला आणि आईचा त्यावर ठेवला! आई-बाप झाल्यावर माणसे हळू चालवू लागतात, असे जे सरसकट म्हणतात त्यांनी माझ्या बहिणीच्या शेजारी बसून कामशेत ते लोणावळा प्रवास करावा. ती वेगाने नेत नाही, पण आडव्या येणाऱ्याला असा काही हॉर्न देते की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे पोर सरळ बसावे.

लोणावळ्यात चहा झाला, मेहुणे ताजे झाले आणि घाट त्यांनी घेतला. खंडाळ्याखाली काही अंतर जुना आणि नवा रस्ता एकत्र चालतात. इथलाच अमृतांजन पूल २०२० च्या एप्रिलात पाडला. माई अजून त्याची जागा शोधतात. पुढे खोपोलीचा फाटा वेगळा झाला की खरा जुना घाट लागतो. अंगावर येणारी वळणे, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मेहुण्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. उतारावर गाडीचे वजन इंजिनाने पेलायचे, सारा भार ब्रेकवर टाकायचा नाही. नाहीतर ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी दगा देतात. डिझेल वाचवायला गिअर काढून गाडी तशीच घरंगळत सोडणारे काही ट्रकवाले असतात; दरीत जाणाऱ्या गाड्यांत त्यांची भर पडत आली आहे. आमचे इंजिन गुरगुरत, कुरकुरत उतरत होते. मागे एका मोटारीतली तरुण मंडळी हॉर्नवर हॉर्न देत होती. पूर्वीचे मेहुणे असते तर त्यांनी त्या हॉर्नला आपल्या वेगाने उत्तर दिले असते. आताच्या मेहुण्यांनी जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि हाताने पुढे जाण्याची खूण केली. जाता जाता त्या मुलांनी आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

शिंगरोबाच्या देवळाशी थांबलो. रेल्वेच्या साहेबांना घाटातली वाट सापडेना, ती या शिंगरोबा धनगराने दाखवली आणि त्याचे बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी लोककथा आहे. घाट चढणारे-उतरणारे चालक इथे नाणे टाकतात. मेहुणे कधी थांबलेले मला आठवत नाही. आज त्यांनी नाणे टाकले, हात जोडले, आणि मग जरा ओशाळून मला म्हणाले, "माईंना बरं वाटतं."

भाची सारा घाट उलटी पाहत आली. आम्हाला पुढचे वळण दिसे. तिला मागे पडलेले.

पालीला दर्शन झाले. सरसगडाच्या पायथ्याशी, देवळाच्या फरशीवर ती पालथी पडून हात मारू लागली तेव्हा माईंच्या डोळ्यांना पाणी आले. माई, बहीण आणि भाची चार दिवस तिथल्या नातलगांकडे राहणार होत्या. मेहुण्यांना सकाळी कचेरी गाठायची होती, तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघेच परत फिरलो.

मला खरी उत्सुकता होती ती या परतीच्या प्रवासाची. खुर्ची मागे तशीच बांधलेली, पण रिकामी. घाट चढून द्रुतगती मार्गाला लागलो आणि मी मुद्दाम काट्यावर नजर ठेवली. ऐंशी. नव्वद. शंभर. जुने मेहुणे हळूहळू परत येत होते. बोलणे खुलले, पनवेलचे जुने विक्रमही निघाले. एवढ्यात एक मोठी मोटार आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या टपाची खिडकी उघडी होती आणि त्यातून सहा-सात वर्षांचा एक मुलगा कमरेपर्यंत बाहेर निघून वाऱ्यावर हात पसरून उभा होता.

मेहुणे काही बोलले नाहीत. पाय मात्र उचलला गेला. ती मोटार दिसेनाशी झाली तरी काटा ऐंशीच्या वर गेला नाही.

उर्शाच्या नाक्याशी बहिणीचा फोन आला. मेहुण्यांनी तो माझ्याकडे दिला.

"दादा, कुठवर आलात?"

"उर्शाला."

"ह्यांना झोप येत नाही ना?"

मी बाजूला पाहिले. मेहुणे डोळे ताणून समोर पाहत होते. जरा जास्तच ताणून.

"मग बोलत राहा त्यांच्याशी. काहीही बोल. तुझं ते संतवाङ्मय सांग."

गेली वीस वर्षे माझे संतवाङ्मय ऐकून मुले नेमकी काय करीत आली आहेत, हे बिचारीला ठाऊक नसावे. मी मेहुण्यांना नाक्यापुढे गाडी कडेला घ्यायला लावली, आणि आम्ही दोन-दोन कप कडक चहा घेतला.