पंचवीस घोडे

मोटारीला मेंदू असतो, हे आम्हांला मोटार घेतल्यावर आठ वर्षांनी कळले. 2013 साली घेतलेली आमची थार इंदूरहून महू, मानपूर, चोरल अशा वाऱ्या बिनतक्रार करीत होती. तिच्या 105 अश्वशक्तीत काही उणे आहे असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु 2021 साली चिरंजीवांच्या मित्रमंडळींत एक नवे वेड शिरले. इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून घेतले, की त्याच इंजिनातून 130च्या आसपास अश्वशक्ती निघते म्हणे! एकही पाना न फिरवता 25 घोडे घरात येणार, या कल्पनेने चिरंजीवांपेक्षा आम्हीच अधिक भारावलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमच्या पिढीला ट्यूनिंग म्हटले की मिस्त्री डोळ्यांपुढे येतो. पेट्रोल जीपचे पॉइंट घासणारा, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून इंजिनाला कान लावणारा. डिझेलच्या पंपावर तर कमाल इंधनाचा स्क्रू सीलबंद असे. ते सील फोडून ट्रकवाले घाटासाठी जोर मिळवीत, आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला काळा धूर येई. नवी विद्या ही पुष्कळशी त्याच स्क्रूची सुशिक्षित आवृत्ती आहे, हे आम्हांला पुढे उमगले.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असता प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला 25 वेळा डिझेल फवारावे लागते. प्रत्येक वेळी किती, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने, याचा हिशेब संगणक करतो. त्यासाठी त्याच्याजवळ पाढ्यांसारखी कोष्टके असतात. पॅडल किती दाबले ते पाहून एक कोष्टक इंधन मागते. हवा पुरेशी आली नाही, धूर होईल, म्हणून दुसरे त्याचा हात धरते. गिअरबॉक्सच्या काळजीने तिसरे जोरावर मर्यादा घालते. एकंदरीत जुन्या एकत्र कुटुंबाचाच कारभार! ट्यूनिंग करणारा आपला लॅपटॉप स्टिअरिंगखालच्या खाचेला जोडतो, मूळ कोष्टके उतरवून जपून ठेवतो, आणि इंधन, त्याचा दाब व टर्बोची हवा यांचे आकडे वाढवून नवी कोष्टके परत भरतो. मग हे जादा घोडे येतात कोठून? तर कारखान्याने राखून ठेवलेल्या शिलकीतून. गढूळ डिझेल, राजस्थानचा उन्हाळा, लडाखची विरळ हवा, वेळेवर तेल न बदलणारे आमच्यासारखे मालक, या सर्वांसाठी ती शिल्लक असते.

आम्हांला प्रथम एक स्वस्त पेटी दाखविण्यात आली. ती दाबमापक आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि दाब आहे त्याहून कमी असल्याचे सांगते. भोळा संगणक तो वाढवितो. यंत्राशी असे खोटे बोलणे आम्हांस रुचले नाही. आम्ही कोष्टकेच बदलून घेण्याचे ठरविले आणि आपल्या सचोटीवर मनातल्या मनात खूश झालो.

काम करणारा तरुण समजूतदार होता. लॅपटॉप उघडण्यापूर्वी त्याने विचारले, "अंकलजी, क्लच कब बदलवाया था?"

"पिछले साल," आम्ही म्हणालो.

क्लच मूळचाच होता, आठ वर्षांचा. परंतु नव्या क्लचचा खर्च या बेतात मिळविला असता, तर सौभाग्यवतींची संमती मिळण्याची आशा नव्हती. चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पहिले आठ दिवस फार सुखाचे गेले. राऊच्या रस्त्यावर पुढच्या मोटारी मागे टाकताना आमचे वय दहा वर्षांनी उतरले. मग जुलैतल्या एका रविवारी, सौभाग्यवतींना मागे बसवून, आम्ही चोरलच्या पुढे विंध्याच्या उतारावरील एका कच्च्या वाटेला लागलो. मागच्या वर्षी जो चढ लो गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढलो होतो, तो या वेळी जोरावर काढावयाचा, असा आमचा मनसुबा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, लो टाका." आम्ही पॅडल दाबले. टर्बोने एकदम जोर घेतला, काळ्या मातीत चाके फिरली, पुढे खडक लागताच चाकांना पकड मिळाली, आणि तो सगळा भार क्लचवर आला. इंजिन ओरडू लागले, गाडी मात्र पुढे सरकेना. करपल्याचा वास आला. मग गाडी मागे घसरू लागली. डाव्या हाताला ओढा होता. ब्रेकने गाडी कशीबशी धरली. आमचा पाय थरथरत होता. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच सौभाग्यवती चिखलात उतरल्या आणि एक भला मोठा दगड त्यांनी चाकामागे सारला.

"पण बाबा, क्लच तर तुम्ही मागच्या वर्षीच बदललात ना?" चिरंजीवांनी विचारले. पाऊस पडत होता. त्या दोघांपुढे खरे सांगताना जी शरम वाटली, ती आजवर कोणत्याही साहेबापुढे वाटली नव्हती. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हे अधिकच कठीण गेले.

क्लच थंड होण्यास अर्धा तास लागला. नंतर चिरंजीव चाकापाशी बसले. लो गिअर चाकांचा जोर सुमारे अडीच पट करतो आणि वेग तितकाच कमी. त्यामुळे इंजिनाकडून आणि क्लचकडून फारच थोडे मागावे लागते. पॅडलला जवळजवळ न शिवता त्यांनी गाडी वर नेली. आमचे 25 घोडे म्हणजे जेमतेम पावपट वाढ! ही अडीच पट पहिल्या दिवसापासून आमच्या हाताशी, एका दांड्यावर होती.

दुसऱ्या आठवड्यात नवा क्लच बसविला. त्या तरुणाकडे जाऊन आम्ही खरे काय ते सांगितले आणि मूळ कोष्टके परत भरून घेतली. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणीपुस्तकाशी विसंगत बदल करू देत नाही, हे एका वकील मित्राने सुनावले होतेच. पण तेवढ्यावरून आम्ही सुधारलो असतो असे वाटत नाही. त्या तरुणाने आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही. कोणाला लागले तर नाही ना, एवढेच विचारले.

चिरंजीव अजूनही त्या 25 घोड्यांची आठवण काढतात. सौभाग्यवती मागच्या बाकावर बसताना पायाशी एक दगड ठेवतात. तो काढून ठेवा, असे सांगण्याची आमची अद्याप छाती झालेली नाही.