कुळीथ आणि रक्त

आमच्या गिरगावच्या घरी आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी होई, आणि ती पानात पडली की मी नाक मुरडीत असे. त्या कुळथाला माणसाच्या रक्ताची पारख असते असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्याला खुशाल वेड्यात काढले असते. परंतु १९५१ साली बर्ड नावाच्या संशोधकाने बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये हेच प्रसिद्ध केले. कुळथाच्या अर्कातील एक प्रथिन 'ए' गटाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते. 'बी' आणि 'ओ' यांच्या वाटेस ते जात नाही. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात.

ही ओळख पटते ती साखरेवरून. पेशीच्या अंगावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. टोकाशी फ्युकोज जडले म्हणजे ती 'एच' झाली. तिच्यावर एक शर्करा चढली तर 'ए', दुसरी चढली तर 'बी', काहीच न चढले तर 'ओ'. या दोन शर्करांतील भेद तो केवढा? मूठभर अणूंचा! तेवढाही लेक्टिनला कळतो. १९९६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयन, सुरोलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी फणसाच्या आठळीतील लेक्टिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली. प्रथिनाची साखळी एके ठिकाणी तुटलेली असते आणि त्या तुटीने मोकळे झालेले टोकच शर्करेला धरून ठेवते, असे त्यांना आढळले. आठळ्या मात्र आम्ही नुसत्या उकडून खात आलो.

हे सारे मी वाचू लागलो ते आक्काच्या शस्त्रक्रियेपासून. तिच्या चिठ्ठीवर 'ओ' होते. माझ्याही होते, आणि आपले रक्त सर्वांस चालते याची मला भारी ऐट होती. पण रक्तपेढीतला तरुण तीन बाटल्या पडताळून परत आला. 'ओ'चे रक्तही आक्काला जुळत नव्हते. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. गॉर्स नावाच्या काटेरी विलायती झुडपाच्या बियांतील लेक्टिन 'एच'ला ओळखते. त्याच्या थेंबात आक्काच्या पेशी सुट्याच राहिल्या. तिच्या रक्तात 'एच'च नव्हते! म्हणूनच तिचे शरीर 'ओ'लाही परके मानीत होते.

असे रक्त प्रथम ओळखले गेले ते परळला. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये ते जाहीर केले, आणि जगभर त्याला 'बाँबे' गट हेच नाव पडले. शहराचे नाव बदलले, रक्ताचे तेच राहिले. आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हे घडते. तेव्हा भावंडांत शोधणे आले. माझी तपासणी झाली, आणि माझी ऐट एका थेंबात उतरली. मीही त्यातलाच निघालो.

माझी बाटली आक्काला चढली. आता माझ्या पाकिटात तिचा दूरध्वनी क्रमांक असतो, तिच्या बटव्यात माझा. भेटल्यावर ती प्रकृती विचारीत नाही, आधी म्हणते, "लोकलच्या दारात उभा राहत नाहीस ना रे?"