उभ्या उभ्या वाचणाऱ्यांचं दुकान

डबा दहा मिनिटांत संपवायची सवय मला फोर्टातल्या नोकरीने लावली. तसं आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत कुणी घाई करायचं नाही. कॅरमचे डाव रंगायचे, कुणी टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायचं. पण आम्हा तिघा-चौघांना सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या स्ट्रँड बुक स्टॉलमध्ये जाऊन यायचं असायचं. जायला पाच मिनिटं, यायला पाच. साहेब जागेवर नसले तर यायला सात. मधल्या वेळात जेवढी पानं वाचून होतील तेवढी आपली. लिंबाच्या लोणच्याची फोड तोंडात घोळवतच आम्ही जिना उतरायचो.

गिरगावात वाढलेल्या मुलाला पुस्तकाच्या दुकानाचं अप्रूप असायचं कारण नव्हतं. आमच्याकडे मॅजेस्टिक बुक स्टॉल होता. त्याच्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढलं, त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडवायचे, आणि पुढे ‘मॅजेस्टिक गप्पा’ सुरू झाल्या तेव्हा लोक लवकर जाऊन जागा धरायचे. मराठी पुस्तकांचं दुकान म्हटलं की बोलणं आलंच. कोण कुणावर रुसलंय, कुणाचं नाटक पडलं, कुणाचं पडायला हवं होतं, हे सगळं पुस्तकाबरोबर फुकट मिळायचं. त्यामुळे स्ट्रँडमध्ये पहिल्यांदा शिरलो तेव्हा मला वाटलं, दुकान बंद करायची वेळ झाली की काय! वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी होती आणि एकाच्याही तोंडून शब्द नव्हता. पंखा फिरत होता आणि पानं उलटत होती.

दुकान लहान. भिंतींना छतापर्यंत पुस्तकं, मधल्या मेजांवर पुस्तकं, वर पोटमाळा, तिथेही पुस्तकं. दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकून तत्त्वज्ञानाच्या कपाटाला पाठ लावावी लागे. आमच्यातला एकजण तत्त्वज्ञान वाचायला लागला तो असाच, नाइलाजाने.

हे दुकान काढणारे टी. एन. शानभाग. त्यांची गोष्ट फोर्टात सगळ्यांना पाठ होती. विद्यार्थी असताना ते एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तक चाळत उभे होते आणि त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं. घ्यायची ऐपत नसलेल्या पोराने पुस्तकाला हात कशाला लावायचा, असा तो हिशेब. शानभागांनी मनाशी ठरवलं की आपण असं दुकान काढायचं, जिथे कुणालाही पुस्तक हातात घेऊन खुशाल वाचता येईल. १९४८ साली साडेचारशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी कुलाब्याच्या स्ट्रँड थिएटरात एक छोटा स्टॉल मांडला. जागा दिली थिएटरचे मालक केकी मोदी यांनी. पुढे दुकान फोर्टात आलं, पण नावात थिएटरही तसंच राहिलं आणि ‘स्टॉल’ही. अपमान झालेली माणसं पुष्कळ असतात. बहुतेकजण तो आयुष्यभर चघळत बसतात. त्याचं दुकान काढून दुसऱ्यांची सोय करणारा विरळा.

पंडित नेहरूंपासून अब्दुल कलामांपर्यंत स्ट्रँडच्या मोठमोठ्या गिऱ्हाइकांची नावं सांगायची पद्धत आहे. मला त्याचं फारसं कौतुक नाही. मोठ्या माणसांना कुठल्याही दुकानात खुर्ची मिळते. स्ट्रँडची थोरवी अशी की तिथे आमच्या शाखेच्या शिपायालाही कुणी हटकत नसे. हा गडी रत्नागिरीकडचा. त्याचा भाऊ बोटीवर खलाशी होता, त्यामुळे त्याला बोटींच्या चित्रांचा नाद. इंग्रजी यथातथाच. टपाल टाकायला बाहेर पडला की परतताना तो स्ट्रँडमध्ये डोकवायचा आणि जहाजांची पुस्तकं काढून बघायचा. एकदा मी तिथेच उभा असताना काउंटरवरचा माणूस स्वतः आला आणि त्याच्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवून म्हणाला, “हे कालच आलंय.” शिपायाने पुस्तक मेजावर सपाट ठेवलं आणि हात खाकी शर्टाला पुसून एकेक पान उलटलं. एका मालवाहू बोटीच्या आडव्या छेदाचं चित्र होतं. इंजिनची खोली कुठे, खलाशांच्या झोपायच्या जागा कुठे, सगळं दाखवलेलं. तिथे बोट टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. किमतीकडे त्याने पाहिलंही नाही. पाहून उपयोग नव्हता. पुस्तक मिटलं, धूळ नसताना बाहीने पुसलं आणि होतं तिथे ठेवून गेला. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली. विक्री झाल्यावर डोलावत असेल तशीच.

मी परकीय चलनाच्या खात्यात होतो, म्हणून स्ट्रँडची दुसरी करामत मला लवकर कळली. परदेशी पुस्तकावर किंमत छापलेली पौंडात किंवा डॉलरात. तिचे रुपये करताना पुस्तकविक्रेते जो दर लावत तो बँकेच्या दरापेक्षा चढा असे. सकाळी ज्या दराने मी कागद रंगवायचो तोच डोक्यात असताना इतर दुकानांतल्या किमती बघितल्या की डोकं फिरायचं. शानभागांचा धंदा वेगळा होता. प्रकाशकांकडून थेट, एकगठ्ठा पुस्तकं घ्यायची आणि पदरात पडलेल्या सवलतीतला मोठा वाटा गिऱ्हाइकाला देऊन टाकायचा. वीस टक्के सूट ठरलेलीच. ती मागावी लागत नसे, आणि जास्त मागितली तर मिळत नसे. मी छापील किंमत बघून मनातल्या मनात गुणाकार करायचो आणि उत्तर आमच्या बँकेच्या दरापेक्षाही कमी आलं की कोपऱ्यात जाऊन पुन्हा करायचो. आमचे साहेब म्हणायचे, “अहो, हा माणूस पुस्तकं विकतो की पौंड?” २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या खात्यात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांपैकी एकाचंही त्यांच्याशी कधी बोलणं झालेलं नव्हतं.

बोलणं तिथे कुणाचंच कुणाशी फारसं होत नसे, आणि तरी आमचा एक गोतावळा होता. नावं कुणाची कुणाला ठाऊक नाहीत. माणूस ज्या कपाटापाशी उभा असे त्यावरून त्याचं नाव पडे. काळ्या कोटातले, पांढरे बँड खिशात कोंबलेले एक वकील नेहमी बुद्धिबळाच्या पुस्तकांपाशी सापडायचे, ते ‘बुद्धिबळवाले’. एक पारशी आजोबा पक्ष्यांची पुस्तकं बघायचे. एल्फिन्स्टन कॉलेजातली एक मुलगी फक्त नाटकं वाचायची, तीही ओठ हलवत, ती ‘नाटकवाली’. मी बहुधा ‘चरित्रवाले’ असेन. ओळख म्हणजे मान हलवणं, आणि जागा द्यायला थोडं सरकणं. कधीमधी एखादं वाक्य. मी एकदा टॉलस्टॉयची एक कादंबरी उचलली तर मागून इंग्रजीत आवाज आला, “ती घेऊ नका, संक्षिप्त आहे. वरच्या फळीवर पूर्ण आहे.” वळून बघेपर्यंत पारशी आजोबा पुन्हा आपल्या पक्ष्यांत. पूर्ण प्रत मी घेतली. ती वाचायला मला पुढचा अख्खा पावसाळा लागला, आणि आजोबांना वाटेत किती शिव्या घातल्या त्याचा हिशेब नाही. शेवटी मात्र हात जोडले.

मग एखादं कपाट मोकळं दिसू लागायचं. बुद्धिबळवाले बरेच दिवस आले नाहीत तेव्हा नाटकवालीने मला विचारलं, “ते चेसवाले काका दिसत नाहीत हल्ली?” मी मान हलवली. चौकशी करायची तरी काय म्हणून? नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. काउंटरवर विचारलं तर तेवढं कळलं की त्यांनी मागवलेलं एक पुस्तक बाजूला काढून ठेवलेलं आहे. ते आले, चांगले दोन महिन्यांनी, हातात काठी घेऊन. पुस्तक तयार होतं. त्या दिवशी दुकानातल्या चार-पाच अनोळखी माणसांना एकदम हायसं वाटलं. कुणी काही बोललं नाही, सगळे नुसते थोडे जास्त सरकले.

ही शांतता वर्षातून एकदा पार मोडायची, ती सुंदराबाई हॉलमध्ये. चर्चगेटजवळच्या या हॉलमध्ये स्ट्रँडचं मोठं प्रदर्शन भरायचं आणि एरवी सोवळ्यात वावरणारी मंडळी तिथे कोपरं काढून शिरायची. लांबच्या लांब टेबलं, पुस्तकांचे ढीग, आणि ढिगातलं आपल्याला हवं ते नेमकं दुसऱ्याच्या हातात. कुणी एक पुस्तक हातात धरून दुसरं चाळतोय, तिसऱ्यावर कोपर टेकून जागा राखतोय. मी तिथे एका निवृत्त प्राध्यापकांना आणि एका शाळकरी मुलाला एकाच अॅटलासची दोन टोकं धरून उभं राहिलेलं पाहिलंय. प्राध्यापकांनी सोडलं नाही. मुलानेही नाही. शेवटी टेबलाखालच्या खोक्यातून दुसरी प्रत निघाली.

आमच्याकडे या प्रदर्शनाआधी दरवर्षी एक संवाद व्हायचा.

“यंदा किती आणणार आहात?”

“बघू. दोनचार.”

“दोनचार म्हणजे पिशव्या ना? ठेवायची कुठे? पोरांना कपाटावर झोपवू?”

तेव्हा आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला आलो होतो. दीड खोली जाऊन अडीच झाली होती आणि ती वरची खोली पुस्तकांनी आधीच खाल्लेली. एका वर्षी ही म्हणाली, “मीच येते बरोबर, तुमच्यावर लक्ष ठेवायला.” आली. आत शिरल्यावर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या पुस्तकांकडे गेली ती तासाभराने दिसली, तीसुद्धा बिलाच्या रांगेत, दोन्ही हातांत पिशव्या आणि तिसरी खांद्याला. माझ्या हातात पुस्तकं चारच होती. संध्याकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये त्या पिशव्या चढवणं हा एक स्वतंत्र पराक्रम होता. पिशव्या हातोहात रॅकवर गेल्या, आणि ठाणे येईपर्यंत डब्यातले निम्मे लोक डायनोसॉरची चित्रं बघत होते. एकाने उतरताना विचारलं, प्रदर्शन अजून किती दिवस आहे म्हणून.

शानभाग २००९ साली गेले. त्यानंतरही दुकान चालू होतं, पण आजूबाजूचं फोर्ट बदलत चाललं होतं. मोठमोठी ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात आणि लोअर परळला गेली. आमच्या बँकेची दोन खाती हलली तेव्हा कॅरम बोर्डही टेम्पोत गेला. दुपारच्या सुट्टीत पायी येणारा वाचक असा मैलोगणती लांब गेला, आणि ज्याला इंग्रजी पुस्तक स्वस्तात हवं होतं त्याच्या हातात मोबाइल आला. मला यात एक गोष्ट फार लागते. वीस टक्के सूट देऊन शानभागांनी मुंबईच्या वाचकाला शिकवलं की छापील किंमत ही शेवटची किंमत नसते. वाचक ते इतकं चांगलं शिकला की पस्तीस टक्के देणारा भेटल्याबरोबर तिकडे गेला. सुटीच्या जोरावर टिकलेलं दुकान सुटीनेच मारलं. ऑनलाइनवाल्यांना शिव्या देणारे बरेच लेख मी वाचले. गिऱ्हाइकाला शिव्या देणारा एकही वाचला नाही. लेख वाचणारे सगळे गिऱ्हाईकच असतात, हे कारण असावं.

२०१८च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बंद झालं. बंद होणार म्हणून पेपरांत आलं आणि तेराव्याला जेवायला यावीत तशी माणसं लोटली. मीही डोंबिवलीहून गेलो. पोटमाळ्याखाली उभं राहून लोक फोटो काढत होते आणि एकमेकांना सांगत होते की आम्ही कॉलेजात असताना इथे रोज यायचो. ‘रोज’ हा शब्द मी त्या तासाभरात पुष्कळदा ऐकला. एरवी गप्प असणारं ते दुकान त्या दिवशी गिरगावातल्या दुकानासारखं बोलत होतं. पक्ष्यांच्या कपाटापाशी एक बाई आपल्या मुलीला इंग्रजी नाटकांचा एक संग्रह दाखवत होत्या, आणि वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. पण जागा द्यायला सरकल्या. नाव तेव्हाही विचारायचं राहिलंच.

मराठी पुस्तकांसाठी दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल आहे, तिथे मी अजून जातो. आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ सोमैया भवनात २०११ साली सुरू झालेला किताबखाना आहे. २०२०च्या डिसेंबरात तिथे आग लागून बरंच नुकसान झालं होतं. पुढच्याच मार्चमध्ये त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. दिवाळीच्या खरेदीला त्या बाजूला उतरलात तर आत जा. हवा तेवढा वेळ उभं राहून वाचा, कुणी काही म्हणत नाही. फोटो नाही काढलात तरी चालेल. निघताना मात्र एक पुस्तक विकत घ्या, आणि ते छापील किमतीला मिळालं तर कुरकुर करू नका.