रेंज येण्याआधी

अंधेरी. विमान सहारला टेकलं की सगळे फोन एकदम जागे होतात आणि ‘रेंज आली का?’ सुरू होतं. तेवढ्या वेळात फोन आधी फक्त ऐकत असतो. एलटीईचा टॉवर दर 5 मिलिसेकंदांनी एक ठरलेली खूण सोडतो. तिचे प्रकार 3. तिच्या मागेपुढेच दुसरी खूण, तिचे प्रकार 168. दोन्ही मिळून 504 ओळखी. या जुळल्या की 10 मिलिसेकंदांची चौकट कुठे सुरू होते ते फोनला कळतं. कंपनी कुठली, आपल्याला आत घेणार का, हे सगळं त्यानंतर.

खूण सापडते कशी? तिची नक्कल फोनकडे आधीच असते. आलेल्या गोंगाटावर ती किंचित किंचित सरकवत न्यायची, दर जागी गुणाकार आणि बेरीज. बेरीज जिथे उसळी मारते, तिथे खूण.

बोरिवली फास्ट. लोकल ताशी 100 किलोमीटरने धावत असली तरी 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीत डॉप्लरचा फरक पडतो जेमतेम 167 हर्ट्झ. फोनच्या घड्याळातला क्वार्ट्झ दहा लाखांत 10 इतका चुकत असेल, तर त्याचा फरक 18,000 हर्ट्झ. गाडीच्या वेगापेक्षा खिशातलं घड्याळच शंभरपट बेभरवशाचं. टॉवरचं ऐकत ऐकत फोन ही चूक दहा लाखांत 0.1 वर आणतो, आणि पुढेही आणतच राहतो. खिशात फोन तापला तरी क्वार्ट्झ सरकतो.

गोराई. खाडीपलीकडचा टॉवर 3 किलोमीटरवर असेल, तर त्याचा आवाज 10 मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. उत्तर परत जायला आणखी 10. म्हणून टॉवर फोनला बजावतो: 20 मायक्रोसेकंद आधी बोल. नाहीतर याचं बोलणं पुढच्याच्या पाळीत घुसेल. जीएसएममध्ये या आगाऊपणाच्या पायऱ्या 64, एकेक साधारण 550 मीटरची. म्हणून त्या टॉवरची नेहमीची हद्द 35 किलोमीटर. एलटीईत पायरी 78 मीटरवर आली.

मुलुंड. एकीकडे नॅशनल पार्कचे डोंगर, दुसरीकडे टोलेजंग इमारती. एकाच सिग्नलचे चार प्रतिध्वनी. उपाय असा: 66.7 मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक तुकड्याचं शेपूट, सुमारे 4.7 मायक्रोसेकंदांचं, कापून नव्हे, नकलून त्याच्याच पुढे लावायचं. तेवढ्या वेळात लहर 1.4 किलोमीटर जाते, तेव्हा तेवढ्या वळशाने आलेला प्रतिध्वनी पचतो. शिवाय डोकं आणि शेपूट सारखं दिसलं की तुकडा कुठे सुरू झाला तेही उमगतं. यात सुमारे 7 टक्के वेळ जातो. या 7 टक्क्यांत नवी बातमी एकही नाही, पण बाकीच्या 93 टक्क्यांचा अर्थ लागतो तो यांच्यामुळेच.

घाटकोपर. 1995 नंतर डॉक्टर आणि शेअर दलाल यांच्या कमरेला पेजर दिसू लागले. पोकसॅग पद्धतीत निरोपाआधी निदान 576 बिट 1-0-1-0 असे आलटूनपालटून येतात. सेकंदाला 512 बिट धरले तर सव्वा सेकंदाच्या आत. तेवढ्यात पेजरने डोळे किलकिले करून ताल धरायचा. पुढे 32 बिटांचं ठरलेलं शब्दचिन्ह, मग 8 घरं. आपल्या घराच्या वेळेपुरतं जागायचं, बाकी झोप. एका सेलवर आठवडेच्या आठवडे निघत ते यामुळे.

गर्दीचा डबा. शंभर कानांत ब्लूटूथ, तरी एकाचं गाणं दुसऱ्याला जात नाही. जोडी सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलते. पुढची उडी कुठे, ते फोनचा पत्ता आणि फोनचं घड्याळ ठरवतं. इअरफोन ते घड्याळ उसनं घेतो.

गच्ची. 5जीच्या 3300 मेगाहर्ट्झ पट्ट्यात बोलणं आणि ऐकणं एकाच लहरीवर, पाळीपाळीने. म्हणून शेजारशेजारच्या टॉवरांची वेळ 3 मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागते. एकाचं घड्याळ सरकलं की दुसरा ऐकत असताना हा ओरडतो. वेळ सहसा जीपीएस उपग्रहांकडून येते, गच्चीवरच्या छोट्या पांढऱ्या टोपीतून. सोसायटीच्या सभेत टॉवरच्या भाड्यावर आणि रेडिएशनवर तासभर वाद होतो. या टोपीबद्दल कुणी विचारत नाही. तिच्यावरचं आकाश झाकलं तर टॉवर काही तास स्वतःच्या घड्याळावर निभावतो, मग शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याला गप्प बसावं लागतं. नवी पाण्याची टाकी चढवण्याआधी कमिटीने टोपी कुठे आहे तेवढं पाहावं.